अंगणाएवढी नळी

ओल्या खोलीची किल्ली पी लमुनच्या कमरेला असायची. पी म्हणजे आमच्याकडे ताई. मागायला गेलं की ती आधी समोरच्याच्या पायांकडे बघायची.

"चपला काढ. बाहेरची धूळ आत नकोय मला."

"पी, आत सगळी मातीच तर आहे."

"ती घरची आहे. तुझी रस्त्यावरची."

खोलीत नळ्याच नळ्या. बँकॉकच्या आसपास पूल, रस्ते, इमारती उभ्या राहण्याआधी बोअर मारून जमिनीच्या पोटातून काढलेली चिकणमाती, लोखंडी नळ्यांत, दोन्ही तोंडांना मेण लावून बंद केलेली. ती सुकली की जमिनीत असताना कशी होती ते सांगत नाही. म्हणून गोणपाटं भिजवायची, भिंतींवर पाणी मारायचं, दार उगीच उघडं ठेवायचं नाही. विद्यापीठाच्या या प्रयोगशाळेत लमुनने उभा जन्म हेच केलं. मी शेजारच्या खोलीत त्याच मातीवर वजनं चढवून ती किती दबते ते बघायचे. आमचं पटायचं ते भांडणामुळे.

तिचा नवरा सनित बोअर मारणाऱ्या टोळीत होता. हडकुळा, हसरा आणि एका बाबतीत हट्टी. जमिनीला भोक पाडण्याआधी उदबत्त्या आणि लाल सरबताची बाटली धरणीमातेपुढे सगळेच ठेवतात. आमच्याकडे त्याशिवाय कोणी यंत्राला हात लावत नाही. सनित त्यावर एक वचन द्यायचा. "आई, घेतो ते तपासून परत आणून देतो." आणि खरंच द्यायचा! तपासणी झाली की उरलेला लगदा पोत्यात भरून, बस बदलत, तो जिथला तिथे नेऊन टाकायचा. बाकीच्या टोळ्या त्याला मातीचा पोस्टमन म्हणायच्या. तो म्हणायचा, "पत्ता चुकला नाही म्हणजे झालं."

एकदा किनाऱ्यावरच्या गावांचा अभ्यास निघाला. जमीन खचत होती, समुद्र आत येत होता. पाकलम्फू हे लमुनचं गाव, आणि एक बोअर पडलं ते थेट तिच्या अंगणात, पाण्याच्या रांजणांशेजारी. सनितनेच मारलं. पुढे तो अभ्यास गुंडाळला गेला आणि नळी न तपासता आमच्या खोलीत राहिली. मग सनित तापाने गेला. तोवर अंगणात भरतीचं पाणी खेळायला लागलं होतं, नंतर घरही गेलं. त्याच्या अस्थी होडीतून सोडल्या तेव्हा खाली लमुनचं स्वयंपाकघर होतं.

इतकी वर्षं गावाहून ये-जा करणारी ती शहरात राहायला आली, पण रमली नाही. सुटीच्या दिवशी आम्ही बाजारात, देवळात जायचो. ती म्हणायची, "तुम्ही जा. मी जरा गावी जाऊन येते." आणि ओल्या खोलीत जाऊन बसायची. मागच्या फळीवर ती नळी असायची, तिच्यावर सगळ्यांत ओलं गोणपाट. सुरुवातीला आम्ही हसलो. नंतर कोणी हसेना, कारण बाहेर येताना तिचा चेहरा खरोखर माहेराहून परतलेल्या बाईसारखा असायचा.

मग आमच्याकडे आजान कन्निका आल्या. शिकवणाऱ्याला आजान म्हणायचं, या तर लमुनची मुलगी शोभतील अशा, पण मान तोच. पाकलम्फूच्या पलीकडचं गाव अजून जमिनीवर होतं आणि तिथे बांध घालायचा होता. माती किती भार सोसेल हे कळल्याशिवाय घातला असता तर बांधच चिखलात बसला असता. समुद्र शिरण्याआधीची त्या किनाऱ्याची माती त्यांना हवी होती.

"पाकलम्फूची एक नळी होती ना?" त्यांनी विचारलं.

"गळकी निघाली, आजान. टाकून दिली," लमुन म्हणाली. डोळ्यांची पापणीही हलली नाही.

आजान गेल्यावर मी तिला गाठलं. "पी, धडधडीत खोटं!"

"तपासायची म्हणजे कापायची. कापली की माझं काय उरलं? तुझं गाव आहे अजून. तू बोलूच नकोस."

"आणि सनितदादांचं वचन? तपासून परत देतो म्हणाले होते. तू तपासूच देत नाहीस, तर धरणीमातेपुढे ते खोटे पडले की नाही?"

तिने माझ्या तोंडावर दार लावलं. पुढे बरेच दिवस किल्ली हवी असली की ती खिडकीतून फेकायची, माझ्याकडे न बघता. मीही कमी नव्हते, उचलताना मुद्दाम आदळआपट करायचे.

एका सकाळी ती स्वतःच माझ्या खोलीत आली. नळी दोन्ही हातांत, तान्ह्या पोरासारखी. "काप," म्हणाली. "आजानना बोलाव आणि काप. माझं मन फिरायच्या आत."

माती नळीतून पुढे सरकली तशी खोलीभर घाण पसरली. कुजकी पानं, शिंपले, खारं पाणी. मी नाक धरलं.

"अगं बाई गं, काय हा वास!"

"ओहोटीला आमच्या दारात यायचा," लमुन म्हणाली. ती खोल श्वास घेत होती, डोळे मिटून. "पाहुणे असंच नाक धरायचे. सनित म्हणायचा, बरंय, लवकर जातात."

आजान जे समजायचं ते समजल्या आणि गळक्या नळीचा विषय त्यांनी काढला नाही. कडेची माती लोखंडाच्या गंजाने खराब झाली होती, मधली चांगली निघाली. तिचा एक चकतीएवढा तुकडा मी यंत्रात ठेवला. रोज वजन वाढवायचं आणि काटा बघायचा. लमुन डबा घेऊन शेजारी बसायची. शेवटी वजनं उतरवायची वेळ आली.

"आता वर येईल ना गं ती?"

"थोडी येईल."

"सगळी नाही?"

"नाही, पी. एकदा दबली की सगळी नाही येत."

काटा हळूच मागे फिरला. लमुन म्हणाली, "पण येते." आणि काटा थांबल्यावरही बघत राहिली.

आकडे आजानच्या कामाला आले. आम्ही तिघी उरलेली माती घेऊन होडीने निघालो. पाकलम्फूचे विजेचे खांब अजून समुद्रात उभे आहेत, तारा नाहीत. नावाड्याने विचारलं, "कुठे थांबवू?" लमुनने एका खांबाकडे बोट दाखवलं, मग जरा डावीकडे. "इथे. रांजण इथे होते."

उदबत्त्या लावल्या, लाल सरबत पाण्यात ओतलं. "आई, उशीर झाला," ती म्हणाली. "त्याच्याकडून नाही, माझ्याकडून." एकेक गोळा ती हाताने खाली सोडत गेली. शेवटचा मात्र सुटेना.

"ठेव ना तेवढा," मी म्हटलं. "आई काय मोजत बसलीय?"

"वचन त्याचं होतं," लमुन म्हणाली, आणि मूठ पाण्यात उघडली.

किनाऱ्यावर आम्ही तिसऱ्या शिंपल्यांचं कालवण आणि भात मागवला. टपरीवालीने हात धुवायला पाण्याचा मग आणून ठेवला. लमुनने उजवा हात मांडीवर ठेवून दिला आणि डाव्या हाताने चमचा धरला. निम्मा भात टेबलावर सांडत होता. मी चिडवायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिच्या मांडीवरच्या हाताची नखं दिसली. काळी, ओली.

मी तो पाण्याचा मग उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवला, आणि तिचे शिंपले सोलून द्यायला लागले.