लिस्बनबाईंची खुर्ची

लिस्बनबाईंना राग आला की त्या आवाज चढवत नसत. त्या खुर्ची मागत. "मला जरा खुर्ची द्या," एवढंच, तेही अगदी हळू. खुर्ची आली की बसायच्या, पर्स मांडीवर घ्यायच्या, ओढणीच्या टोकाने चष्मा पुसायच्या आणि मग तोंड उघडायच्या. उभ्या उभ्या रागावलेला माणूस चार शब्द बोलून निघून जातो. बसून रागावलेला जात नाही. टोकियोत, एदोगावातल्या आपल्या मराठी मंडळाच्या नेहमीच्या हॉलमध्ये, सगळे तातामीच्या चटयांवर मांडी घालून बसलेले आणि मधोमध घडीच्या खुर्चीवर एकट्या बाई, हे दृश्य तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलंय. पाहिलं नसेल असं निदान म्हणू नका.

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मला निरोप आला, "माई, बाईंच्या काही गोड आठवणी लिहून द्या ना." देते की. गोड असतील तेवढ्या देते. पण बाई गेल्यापासून माझ्या पोटात राग आहे, आणि तो गाळून आठवणी काढायची चाळणी माझ्याकडे नाही. संपादकांना कापायचं असेल तर त्यांनी खुशाल कापावं, मात्र मग माझं नावही कापावं.

आमची ओळख कचऱ्यावरून झाली. मी लेकाकडे निशी-कासाईला नवीन आले होते. सूनबाई ऑफिसला, मी घरात एकटी. फक्त प्लास्टिकचा कचरा उचलायच्या दिवशी मी भाजीची देठं घातलेली पिशवी खाली ठेवून आले, आणि थोड्या वेळाने दारावर टकटक. दारात एक बारीकशी बाई, हातात माझी पिशवी. "ही तुमची ना? आत कढीपत्ता दिसला. या इमारतीत दुसरं कोण असणार?" मला म्हटलं तर ओशाळल्यासारखं झालं, म्हटलं तर मराठी ऐकून रडूच आलं. मी त्यांना आत ओढलं, चहा टाकला. त्या खालच्या मजल्यावर राहत होत्या, पंधरा-वीस वर्षं जपानात होत्या, विद्यापीठात शिकवत होत्या.

"काय शिकवता?"

"युरोपातली माणसं देवाबद्दल काय विचार करत होती आणि निसर्गाबद्दल काय, त्याचा इतिहास."

"आणि इथे जपानात कोण शिकतं ते?"

"भूकंपाच्या देशात भूकंपाचा विचार शिकतात, माई," असं म्हणून त्यांनी समोरची कोथिंबिरीची जुडी ओढली आणि निवडत निवडत मला लिस्बन सांगितलं. मी जेमतेम मॅट्रिक. पुढचं सगळं गावच्या वाचनालयाच्या जिवावर. पण त्या दिवशी जे ऐकलं ते आजही डोळ्यांपुढे उभं आहे.

पोर्तुगालचं लिस्बन. अडीचशे वर्षांहून जास्त झाली. सकाळची वेळ, सगळ्या संतांचा सण, चर्चं माणसांनी भरलेली, मेणबत्त्या लागलेल्या. जमीन हलली. छतं प्रार्थना करणाऱ्यांच्या डोक्यावर आली. मेणबत्त्या पडून आगी लागल्या. जीव घेऊन माणसं नदीकाठी पळाली, तर पाणी आधी मागे गेलं आणि मग भिंतीसारखं आलं. "आणि गंमत बघा," बाई म्हणाल्या, "चर्चं पडली आणि बदनाम बायकांची गल्ली उभी राहिली. पाद्र्यांची केवढी पंचाईत!"

पण पंचाईत झाली म्हणून कोणी गप्प बसलं नाही. धर्मगुरू म्हणाले, तुमची पापं भरली. एक जण तर म्हणाला, घरं बांधत बसू नका, आधी पश्चात्ताप करा. तत्त्वज्ञ म्हणाले, जगाचा एकूण हिशेब पाहिला तर जे होतं ते चांगल्यासाठीच. आणि एक मोठा विचारवंत म्हणाला, देवाला कशाला बोल लावता, एवढी उंच घरं दाटीवाटीने बांधायला तुम्हाला सांगितलं कोणी? "हा शेवटचा मला सगळ्यात छळतो," कोथिंबिरीची काडी माझ्यावर रोखून बाई म्हणाल्या, "कारण याचं थोडं बरोबर आहे. पण तिघांचं तोंड कुणाकडे आहे बघा. ज्याचं घर पडलं त्याच्याकडे. तिघेही त्यालाच विचारतायत, बाबा रे, तू काय केलंस?"

मग तिथल्या मंत्र्याने एक केलं. गावोगावच्या पाद्र्यांना प्रश्न धाडले. हादरा किती वेळ टिकला? समुद्र आधी चढला की उतरला? विहिरींचं पाणी बदललं का? माणसं किती गेली? आग लागली का? खायला धान्य आहे का? पाप किती होतं, हा प्रश्नच नाही. आणि पाद्र्यांनी उत्तरं दिली, नीट पाहून, विचारपूस करून. "तेच पाद्री, माई! माणसं तीच. प्रश्न बदलला आणि त्यांची नजर बदलली. लोकांना वाटतं धर्म आणि विज्ञान म्हणजे आखाड्यातले दोन पैलवान. एकाच माणसाच्या डोक्यात दोघं शेजारी राहतात हो. त्यातल्या कोणाला हाक मारायची ते विचारणाऱ्यावर आहे."

पुढे त्या मंडळातही इतक्यांदा लिस्बन सांगायच्या की नाव पडलंच. कोणीतरी पाठीमागे ठेवलेलं नाव त्यांनी हौसेने पुढे वापरलं. फोनवर म्हणायच्या, "मी लिस्बनबाई बोलतेय."

बरं, या बाई नास्तिक म्हणाव्यात तर एकादशी करायच्या. साबुदाण्याची खिचडी तर अशी मोकळी, की माझ्या सुनेने त्यांच्याकडून शिकून घेतली. आपले अध्यक्ष एकदा खवचटपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही आणि उपास?" बाई म्हणाल्या, "उपास माझ्या आईचा आहे. निष्कर्ष माझे आहेत." अध्यक्ष हसले, पण त्यांना ते आवडलं नव्हतं. ज्याला एका डब्यात घालता येत नाही असा माणूस आपल्या लोकांना नको असतो. कचऱ्यासारखी माणसंसुद्धा वेगळी करून ठेवायची सवय लागलीय आपल्याला.

मग तो मार्च आला, मोठा भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमाची फुटलेली अणुभट्टी घेऊन. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही सगळे होतातच. निम्मी घरं भारतात निघून गेली. गेली त्यांना मी काही म्हणत नाही, राहिली त्यांनाही नाही. आपल्या मंडळातली अनुजा उरायासुला राहिली. पहिल्यांदाच दिवस गेलेले, पाचवा महिना, डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हणून सांगितलेलं. तिचा नवरा प्रोजेक्टवर नागोयाला. उरायासुची ती समुद्रात भराव घालून केलेली जमीन, हादऱ्याने रस्त्यातून चिखल आणि वाळू वर आली होती. नळाला पाणी नाही, संडास बंद. बाई रोज सायकलला पाण्याचे कॅन लटकवून पूल ओलांडून तिच्याकडे जायच्या. गेल्या की तेच लिस्बनचे प्रश्न. पाणी आलं का? चूल पेटते का? झोप लागली का?

पाऊस सुरू व्हायच्या आधी अनुजाचं बाळ गेलं.

त्यानंतर मंडळाने सगळ्यांना शांती लाभावी म्हणून सत्यनारायण ठेवला. अनुजा आली होती. मीच आणली होती तिला, माणसांत बसली तर बरं वाटेल म्हणून. प्रसादाची वाटी तिच्या हातात, आणि आमच्या पुढच्या रांगेतल्या एक काकू, नाव घेत नाही, शेजारणीला सांगतायत, आणि कुजबुज म्हणे ती, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी, "गेल्या वर्षी यांनी घरचा गणपती बंद केला ना. मी तेव्हाच म्हटलं होतं." त्यावर आपले एक डॉक्टरेट केलेले, प्रयोगशाळेत काम करणारे गृहस्थ, मोठ्या समजुतीने म्हणाले, "काकू, देव वगैरे सोडा. सरळ रेडिएशनची केस आहे. मी ग्रुपवर ओरडून सांगत होतो, निघा निघा. आणि मुळात भरावाच्या जमिनीवर घर घ्यायचंच कशाला?"

अनुजाने वाटी खाली ठेवली. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

"मला जरा खुर्ची द्या," मागून आवाज आला.

खुर्ची आली. चष्मा पुसून झाला. बाई त्या गृहस्थांना म्हणाल्या, "उरायासुत त्या आठवड्यात किती होतं?"

"काय किती?"

"रेडिएशन. तुम्ही मोजलंत?"

"मॅडम, कॉमन सेन्स आहे हा."

"तिच्या डॉक्टरांशी बोललात?"

"मी कशाला बोलू?"

"मग तुम्ही काकूंच्या शेजारी जाऊन बसा. तुम्ही दोघं एकच बोलताय. त्यांच्या वाक्यात गणपती आहे, तुमच्या वाक्यात रेडिएशन आहे, बाकी वाक्य तेच. न मोजता बोललं की ते प्रवचन होतं, मग बोलणाऱ्याच्या अंगावर पांढरा कोट का असेना. आणि भरावाच्या जमिनीचा प्रश्न चांगला आहे. फार चांगला आहे. तो इमारत उभी राहायच्या आधी बांधणाऱ्याला विचारायचा असतो. बाळ गेल्यावर आईला नाही."

काकू फणकारल्या, "आमच्या श्रद्धेवर घसरू नका हं, बाई."

"श्रद्धा ठेवा ना. मीही ठेवते. तुमचा गणपती पोटातल्या पोरावर सूड उगवतो, असं मी नाही म्हटलं. तुम्ही म्हटलंत. त्याची बदनामी तुम्ही करताय."

मग बाई वळल्या आणि अगदी वेगळ्या आवाजात म्हणाल्या, "अनुजा, नळाला पाणी नीट येतंय का गं आता?"

ती पोर, जी रुग्णालयातून आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती, ती म्हणाली, "येतंय. पण वाळू जात नाही, बाई. मी रोज पुसते, तरी बाल्कनीत रोज वाळू असते." आणि मग जी रडायला लागली. त्या दिवशी पहिल्यांदा.

आता हे इतकं सगळं होऊन तुम्ही काय केलंत? त्या गृहस्थांना पुढच्या वर्षी गणेशोत्सवात विज्ञानावर बोलायला बोलावलंत. काकू महिला विभाग बघतात. बाईंना मात्र निमंत्रणं "राहून" जायला लागली. "त्या वाद घालतात हो, वातावरण बिघडतं." वातावरण! बाळ गमावलेल्या पोरीला सगळ्यांदेखत गुन्हेगार ठरवलं तेव्हा वातावरण छान होतं वाटतं.

बाईंनी कधी तक्रार केली नाही. त्या सायकलवरून फिरत राहिल्या, पावसातही. त्या फुकुशिमाचे पीच विकत घ्यायच्या आणि घरोघर वाटायच्या. कोणी नाक मुरडलं तर म्हणायच्या, "हे तपासलेले आहेत. तुमच्या फ्रिजमधलं दुसरं काही तपासलंय का कोणी?" त्यांच्या घरातलं प्रत्येक पुस्तकांचं कपाट भिंतीला पट्ट्यांनी जखडलेलं होतं आणि देवघरही. मी हसले तर म्हणाल्या, "माई, देव पडला तर त्यालाही लागेल."

काही वर्षांनी त्यांना कर्करोग निघाला. आणि मग आपली माणसं भेटायला गेली. डबे नेले, खोटं कशाला बोलू, भरपूर नेले. पण डब्याबरोबर प्रश्नही नेले. "ते पीच खायचात ना तुम्ही?" "कुलदैवताला जाऊन किती वर्षं झाली?" आणि सगळ्यात नवीन, सगळ्यात सुशिक्षित, "मॅडम, तुम्ही फार राग राग करायचात. राग शरीरात साठतो. पॉझिटिव्ह राहायला हवं होतं." म्हणजे देव झाला, रेडिएशन झालं, आता माणसाचा स्वभाव. पलंगावर पडलेल्या बाईला उशाशी बसून सांगायचं की हे तू स्वतःच स्वतःला केलंस. आणि वर सफरचंद कापून द्यायचं.

मला वाटलं होतं, बाई त्यांना पुरून उरतील. आयुष्यभर हेच तर शिकवलं त्यांनी. पण एका दुपारी मी त्यांच्या पायाला तेल चोळत होते, आणि त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "माई, खरंच माझ्या रागाने झालं असेल का हो?"

लिस्बनबाई विचारत होत्या! ज्या प्रश्नाशी ही बाई जन्मभर भांडली, तोच प्रश्न तुम्ही तिच्या अंथरुणात नेऊन सोडलात. आजाराने त्यांचे केस नेले, वजन नेलं, त्याचं मला दुःख आहे. त्यांची खात्री नेली ती मात्र तुम्ही, आणि त्याचा मला राग आहे. तो जाणार नाही, आणि शरीरात साठला तर साठू दे.

मी तेलाचे हात पुसले. म्हटलं, "मोजलंत का तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आधी ओठ हलले, मग खांदे, मग त्या इतक्या हसल्या की नर्स धावत आली. हसता हसता म्हणाल्या, "नाही हो. नाही मोजलं."

"मग प्रवचन बंद. पेज घेणार का थोडी?"

"मीठ जास्त घाला," बाई म्हणाल्या.

त्या गेल्या तेव्हा चेरी फुलून झडून गेली होती. शोकसभा त्याच हॉलमध्ये. फोटो, हार, उदबत्ती, सगळं रीतसर. अध्यक्ष बोलायला उभे राहिले. विदुषी, व्यासंगी, परदेशात मराठीचा झेंडा. मी ऐकत होते. मग ते जरा थांबले, आवाज मऊ केला आणि म्हणाले, "पण स्वभाव जरा तापट. मला नेहमी वाटायचं, इतका संताप तब्येतीला सोसत नाही. थोडं शांत राहिल्या असत्या तर कदाचित आज आपल्यात..."

पुढच्या रांगेत माना हलल्या. काकूंची सगळ्यात आधी.

माझे गुडघे तातामीवरून उठू देत नाहीत. मी भिंतीचा आधार घेऊन उठले. सगळ्यांना वाटलं, म्हातारीला बाहेर जायचंय, कोणीतरी वाट करून दिली. मी म्हटलं, "मला जरा खुर्ची द्या."

कोणी हललं नाही. अध्यक्ष कागद हातात धरून तसेच उभे. मग मागच्या रांगेतून अनुजा उठली, भिंतीला टेकवलेल्या घडीच्या खुर्च्यांमधली एक काढली, उघडली, आणि अध्यक्षांच्या अगदी समोर आणून ठेवली.