डावीकडचं स्टिअरिंग

मुरुडला आमच्या शेजारच्या घराचं फाटक साडेतीन फुटांचं होतं. माणूस, सायकल, डोक्यावर टोपली घेतलेली कोळीण, एवढंच त्यातून आत यायचं. एका सकाळी तिथल्या भाभींनी गवंडी बोलावला आणि भिंत फोडून फाटक नऊ फुटांचं करायला घेतलं. त्यांचे शोहर आखातातून कायमचे परत येणार होते आणि सोबत त्यांची गाडी येणार होती.

त्यांना आम्ही भाई म्हणतो. बावीस वर्षं ते तिकडे ड्रायव्हर होते. आधी कंपनीची बस, मग एका शेठच्या घरच्या गाड्या. दोन वर्षांपूर्वी त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या नावावर गाडी घेतली. कोरी, पांढरी, सात सीटची. परतण्याचा बेत त्यांनी तोवर तीनदा पुढे ढकलला होता. एकदा मुलीच्या लग्नासाठी, एकदा घराच्या स्लॅबसाठी, आणि एकदा नुसतंच ‘पुढच्या रमजानला बघू’ म्हणून. या वेळी त्यांनी अट सांगितली होती : गाडी आली तर मी आलो.

भाभींना या अटीची भीती वाटत होती. “गाडीत काय तरी निघालं ना दादा, की आणखी दोन वर्सं,” त्या म्हणाल्या. “मला ठाऊक हाय त्यांचं.”

मी तीस वर्षं वर्तमानपत्रात काढली. त्यामुळे गल्लीत कुणाकडे सरकारी कागद आला की तो माझ्याकडे येतो. परदेशातली वापरलेली गाडी भारतात आणण्याचे नियम मी काढले, छापले आणि भाईंना फोन लावला. गाडी तयार होऊन तीनपेक्षा जास्त वर्षं झालेली नसावीत. झालेली नव्हती. वेग किलोमीटरमध्ये दाखवणारी असावी. होती. रस्त्यावर आणखी पाच वर्षं चालेल असा दाखला गाडी बोटीवर चढवण्याआधी मिळवावा लागणार होता. भाई म्हणाले, तो मिळेल. कर भरावा लागणार होता. तो त्यांनी बाजूला काढून ठेवला होता. मी म्हणालो, “मग आणता येईल.” माझ्या या तीन शब्दांवर भाभींनी भिंत फोडली.

स्टिअरिंग उजवीकडे असावं, हे कलम छापील कागदावर तिसऱ्या क्रमांकावर होतं. ते मी वाचलं, पण विचारलं नाही. आजवर मी बसलो त्या प्रत्येक गाडीत ते उजवीकडेच होतं. चाकं चार आहेत का, हे जसं विचारत नाही, तसंच.

गवंड्याने फाटकाचे खांब उभे केले त्या आठवड्यात मी उरणला गेलो. गाडी कंटेनरमधून येणार म्हणजे उरणलाच उतरणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. क्लिअरिंग एजंटचं ऑफिस टायरच्या दुकानावर होतं. खिडकीतून ट्रेलरची रांग दिसत होती. एजंटने कागद चाळले.

“पहिली गोष्ट, युज्ड गाडी इकडे उतरतच नाय,” तो म्हणाला. “फक्त मुंबई पोर्ट. दुसरी गोष्ट, व्हील कुठल्या साइडला आहे?”

मला सांगता येईना. तिथूनच भाईंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“डावीकडे,” भाई म्हणाले. “इकडे सगळ्यांचं डावीकडेच असतं. पण साहेब, मला दोन्ही बाजूंनी चालवता येतं. हात बसलेला आहे माझा.”

एजंट हसला नाही. “चाचा, तुमच्या हाताचा सवाल नाय. गाडीचा आहे. लेफ्ट हँड नाय चालणार.”

“अरे, गोव्यात मी बघितली आहे. तिकडची नंबरप्लेट होती!”

“ती फिरायला आलेली असेल. सहा महिन्यांत परत न्यायच्या बोलीवर येते. तुम्ही पण आणा. पण मग सहा महिन्यांनी तिच्यासोबत परत जा.”

भाईंचा समज असा होता, की कुठल्या बाजूला बसायचं हा ड्रायव्हरच्या सवयीचा प्रश्न आहे. बावीस वर्षांच्या ड्रायव्हरला दुसरं काही सुचणं कठीणच होतं. शेवटी ते म्हणाले, “ठीक आहे. बघू मग.”

हे ‘बघू’ मी ओळखत होतो.

मुरुडला परतलो तेव्हा भाभी नव्या खांबांवर पाणी मारत होत्या. मी सगळं सांगितलं, माझी चूकही सांगितली. त्यांनी पाइप खाली ठेवला, हात पुसले आणि माझ्यासमोरच नवऱ्याला फोन लावला.

“गाडी इका,” त्या म्हणाल्या. “दादांनी सगळा कायदा वाचलाय. गाडीला कलमं हायत. माणूस घरी आणायला एक तरी कलम हाय का, इचारा त्यांना.”

पलीकडून भाईंनी खरंच विचारलं, “साहेब, आहे का?”

“नाही,” मी म्हणालो. या वेळी मला पूर्ण खात्री होती.

पुढचे दोन महिने फाटकाची चेष्टा झाली. मासे घेऊन येणारी कोळीण रोज विचारायची, “काय गो भाभी, हत्ती कवा येतोय?” भाभी सांगायच्या, “येतोय, निघालाय तिकडनं.”

भाई दोन बॅगा घेऊन आले. गाडी त्यांनी तिकडेच त्यांच्या खोलीतल्या एका केरळी माणसाला विकली होती. मग बोर्ली पंचतनच्या एका ओळखीच्या घरातली जुनी गाडी बघितली. भाईंनी ती बॉनेट उघडून, खाली आडवं होऊन तपासली आणि घेतली. त्यांचं इथलं लायसन कधीच संपलेलं होतं. पेणला जाऊन त्यांना शिकाऊ लायसनपासून सुरुवात करावी लागली. कॉम्प्युटरवर खुणा ओळखायच्या परीक्षेत त्यांचा एक प्रश्न चुकला. कुठला, ते त्यांनी आजवर सांगितलेलं नाही.

पक्कं लायसन आल्यावर दोघं पहिल्यांदा बाजाराला निघाली तेव्हा मी ओट्यावर होतो. भाईंनी चावी हातात घेतली, चष्मा पुसला आणि सरळ डावीकडचा दरवाजा उघडला. तिथे भाभी पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या होत्या.

“इकडं कुठं?” त्या म्हणाल्या. “हितं मी हाय.”

भाई दरवाजा लावून गाडीला वळसा घालून पलीकडे गेले. गाडी फाटकातून बाहेर पडली. दोन्ही बाजूंना हातभर जागा उरली.