सानोबारची वेळ संपली

ब्रसेल्सच्या संसदेत परराष्ट्र समिती बसली की वेर्ला मास काचेच्या खोलीत शिरे आणि कानाला यंत्र लावून दुसऱ्यांची दुःखं बोलू लागे. दुभाष्यानं 'त्या म्हणतात' म्हणायचं नसतं, सरळ 'मी' म्हणायचं, असा या धंद्याचा रिवाज. त्यामुळे तीस वर्षांत रशियनचं डच करता करता वेर्ला कितीदा तुरुंगात गेली, कितीदा विधवा झाली, गणतीच नाही. खरा नवरा घरी ठणठणीत, बागेत कांदे लावतोय! देश दरवेळी नवा, जुलूम तेच. इकडे खासदार हळहळत, ठराव होई, आणि तिकडे पालथ्या घड्यावर पाणी. बाई कंटाळली होती हो, पार हाडापर्यंत.

त्या सकाळी साक्षीला आलेल्या सानोबारनं तिला बाहेर गाठलं. वेर्लाच्याच वयाची, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. तिनं मूठभर सुके जर्दाळू वेर्लाच्या हातात कोंबले.

"ताई, माझ्या पोराचं नाव शेरझोद. तेवढं नीट घ्या. पोलिसांनी नेल्याला दोन वर्षं झाली, कुठं ठेवलाय सांगत नाहीत. परदेशात नाव गाजलं की तिकडे मारायला कचरतात म्हणे."

"तुम्ही घ्या, म्हणजे मी घेईन," वेर्ला म्हणाली. दुभाष्याला याहून जास्त बोलता येत नाही.

साक्षीला तीन मिनिटं मिळत. ती सरली की माईक आपोआप बंद. सानोबारनं अध्यक्षबाईंचे आभार मानले. मग समितीचे, मग या देशाचे. मग सगळ्यांच्या लेकरांना आयुष्य मागितलं. तिच्या मुलखात परक्याच्या दारात पाऊल ठेवल्या ठेवल्या आपलं रडगाणं गात नाहीत. आधी घरच्यांची खुशाली. वेर्ला घड्याळाकडे बघत सगळं इमानानं डचमध्ये सांगत होती आणि आतल्या आत जळत होती. तिनं क्षणभर आपला आवाज बंद करायचं बटण दाबून धरलं आणि शेजारी बसलेला जोडीदार दुभाष्या योरिस ऐकत असताना काचेपलीकडच्या सानोबारला म्हणाली, "अगं बाई, नमनालाच घडाभर तेल ओतते आहेस! नाव घे ना!"

"आपण काय करणार?" योरिस म्हणाला. पुढची पाळी त्याची होती.

"माझा मुलगा..." सानोबारनं श्वास घेतला, आणि माईकचा लाल दिवा विझला.

तिचे ओठ हलत होते. वेर्लाच्या कानात काहीच येत नव्हतं. कानात आलं नाही ते बोलायचं नाही, हे तिनं नव्या पोरांना वर्षानुवर्षं शिकवलेलं. पण तिचा स्वतःचा माईक चालू होता.

"शेरझोद," वेर्ला म्हणाली. "माझ्या मुलाचं नाव शेरझोद."

योरिस बघतच राहिला. अध्यक्षबाई आभार मानू लागल्या तेवढ्यात मोबाइलमध्ये मान घातलेल्या एका म्हाताऱ्या खासदारांनी डोकं वर काढलं.

"थांबा थांबा. हा शेरझोद आहे कुठे?"

खासदारानं विचारलं म्हणजे उत्तराला वेळ द्यावाच लागतो. दिवा पुन्हा लागला. सानोबार बोलली: पोराचं वय, दमा, रात्री दार फोडून नेला ते. वेर्ला मागोमाग 'मी, मी' म्हणत राहिली. सगळं नोंदीत गेलं.

"तक्रार झाली तर नोकरी जाईल तुझी," योरिस म्हणाला.

"जाऊ दे रे. दमले मी."

बाहेर सानोबारनं तिचे दोन्ही हात धरले.

"घेतलं नाव! ताई, आता नाही ना मारणार त्याला?"

वेर्लानं तोंड उघडलं. कानात कुणी काही बोलत नव्हतं. समोरची बाई वाट बघत होती, रुमालाची गाठ सुटली होती तरी तिचं लक्ष नव्हतं. खोटं सांगावं, असं फार फार वाटलं.

"मला माहीत नाही हो," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं.