बांधावरचं दुखणं

हैदराबादच्या प्रयोगशाळेतून कमलनगरला सुट्टीवर गेले की मला फक्त झोप हवी असते. या खेपेला माझी थोरली बहीण, अक्का, मुलाचा रिपोर्ट घेऊन बसलेलीच होती. तिशीच्या आत त्याला शुगर निघाली होती. तिची सासू चार बायकांसमोर म्हणाली होती, हे दुखणं सुनेच्या माहेरचं.

"तू जीनच बघतीस न्हवं? मंग सांग, कुणाकडून आलं?"

हे मी किती जणांना सांगितलंय! एक जीन बिघडली आणि शुगर आली, असं सहसा नसतं. जीन म्हणजे शेत धर, म्हटलं. शुगरचा धोका वाढवणारे बहुतेक बदल शेतात नसतात, बांधावर असतात. बांधावर कुणी पेरत नाही, म्हणून आम्हीही तो भाग बिनकामाचा समजायचो. पण शेतात पाणी किती थांबणार, ते बांधावरच ठरतं. असे बारीक बदल कितीतरी ठिकाणी असतात, आणि एकेकानं धोका जरासाच वाढतो. वर खाणं, वजन, बैठं काम.

"म्हंजे कुणाचं हाय?"

"एकाचं न्हाईच, अक्का! थोडं आईकडचं, थोडं बापाकडचं. कितीदा सांगू?"

तिनं रिपोर्टची घडी घातली, पुन्हा उलगडली आणि कोरी बाजू वर करून माझ्यापुढं ठेवली.

"मंग दोन्हीकडचं हाय, एवढंच लिही. खाली सही कर. माझ्या तोंडचं तिथं कोण ऐकायलंय?"