मामाजींचं वाचन

आमच्या घरातून वाचनस्पर्धेत एकाच माणसानं नाव दिलं, आणि नेमकं त्यालाच दिसत नव्हतं.

हे माझे सासरे, मामाजी. साठ-बासष्ट सालची गोष्ट असेल. मी अमरावतीहून लग्न होऊन अकोल्याला जठारपेठेत आले, त्याच वर्षी सासूबाई गेल्या. त्यानंतर मामाजींचे डोळे गेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण ते फसलं! ऐकू तर आधीच कमी यायचं. शाळा गाजवलेला मास्तर दिवसभर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायला लागला. जेवा म्हटलं की जेवायचे, उठा म्हटलं की उठायचे. स्वतःहून एक शब्द नाही.

त्या उन्हाळ्यात पेठेतल्या वाचनालयानं स्पर्धा काढली. सुटीत जो जास्तीत जास्त पुस्तकं वाचील, त्याला बक्षीस. शेवटी चिटणीस स्वतः प्रश्न विचारून खात्री करणार. बक्षीस काय, तर टेबलावरचा विजेचा दिवा! आमच्या यांनी पेपरातली ही बातमी सहज मोठ्यानं वाचली आणि खाटेवरून आवाज आला, ‘‘माहं नाव दे.’’

‘‘बाबा, पण तुमी वाचाल कसं?’’

‘‘मी कायले वाचू? सूनबाई वाचीन. मी ऐकीन.’’

किती महिन्यांनी ते आपणहून बोलले होते! नाही म्हणायची कोणाची छाती होती?

पुस्तकं निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी डोकं चालवलं. जिंकायचं असेल तर पुस्तक पातळ हवं! (विषयाशी आपल्याला काय करायचं?) पहिल्याच फेरीत मी कोंबड्यांच्या रोगांवरचं एक चोपडं, मूळव्याधीवरच्या घरगुती उपायांचं दुसरं आणि विहीर खोदण्याबद्दलचं तिसरं घेऊन आले. मामाजींनी कोंबड्यांचं पुस्तक फार मन लावून ऐकलं.

‘‘मंग त्या कोंबडीचं काय झालं?’’

‘‘मेली, मामाजी.’’

‘‘आन् दुसरी?’’

‘‘तीबी मेली.’’

‘‘पोरी,’’ ते म्हणाले, ‘‘आपल्या घरात एक मरण झालंच आहे. आता हे नको आणू. तांबड्या पुठ्ठ्याची एक जुनी कादंबरी आहे तिथं, खालच्या कप्प्यात असते. ती आण.’’

आणली. जाडजूड, आणि पुठ्ठ्याला वाळवी लागलेली. ओसरीवर वाळ्याची ताटी भिजवून मी वाचायला बसले. मामाजींना ऐकू यावं म्हणून ओरडूनच वाचावं लागे. पहिलं प्रकरण छान गेलं. दुसऱ्या प्रकरणात नायक नदीकाठी नायिकेचा हात धरतो आणि पुढची दोन पानं सोडतच नाही! आणि नुसता धरून गप्प बसेल तर शपथ! डोक्यावर पदर घेतलेली नवी सून सासऱ्यापुढे हे ओरडून कसं वाचणार? त्यात भिंतीपलीकडे गोदाकाकूंचं पापड लाटणं एकदम थांबलेलं!

तोंडाला येईल ते बोलून गेले, ‘‘मग... मग तिनं त्याला पोहे दिले!’’

‘‘पोहे?’’

‘‘हो. त्यानं खाल्ले.’’

सुटले! पण कादंबरी कसली, दर प्रकरणात त्या दोघांचं तेच! अमराईत भेटले, पोहे खाल्ले. देवळामागे भेटले, पोहे खाल्ले. विरहानंतर भेटले, तेव्हा तर दोनदा खाल्ले. एकदा मामाजींनी विचारलंच, ‘‘सूनबाई, हे दोघं काहून सारखे पोहेच खाऊन राहिले?’’

‘‘गरीब आहेत, मामाजी,’’ मी म्हटलं. पुस्तकात नायक जमीनदार होता.

परीक्षेचा दिवस आला. वाचनालयाचा हॉल भरलेला. मामाजींना धुतलेलं धोतर नेसवून यांनी हात धरून खुर्चीवर बसवलं. चिटणिसांनी नेमकी तांबडी कादंबरी उचलली.

‘‘गुरुजी, नदीकाठी काय घडतं?’’

‘‘पोहे खातात,’’ मामाजी ठासून म्हणाले.

हॉलमध्ये खसखस पिकली.

‘‘आणि नायिका रुसते कशावरून?’’

ते मी वाचलंच नव्हतं! मामाजींनी क्षणभर विचार केला. ‘‘मीठ कमी झालं असन.’’

लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. ज्यांना या माणसानं बाराखडी शिकवली होती, तेही डोळे पुसपुसून हसत होते. मामाजी मात्र ताठ बसून होते. धरणीनं मला पोटात घ्यावं असं वाटत होतं.

दिवा दुसऱ्याच कोणाला मिळाला. सायकलरिक्षातून परत येताना मी रडतच त्यांच्या कानाशी म्हटलं, ‘‘मामाजी, माह्यानं तुमचं हसं झालं. पुस्तकात पोहे नव्हते.’’

‘‘मले मालूम आहे.’’

‘‘मालूम आहे?’’

‘‘अवं, ते पुस्तक मले पाठ आहे. पण तू वाचलं तेच मी सांगीन ना! भर सभेत सुनेले खोटं पाडू काय?’’

माझ्याकडे तोंड वळवून मामाजी पुढे सांगू लागले.

‘‘लग्न झालं तवा तुह्या सासूले मी हेच वाचून दाखवलं होतं. तिले अक्षरओळख नव्हती. ती पानं आली का मी उलटून टाको. लाज वाटे. ती म्हणे, ‘अवो, इथं काय होतं?’ मी म्हणो, कोरं आहे. गेली बिचारी. कोरंच समजून गेली.’’ त्यांनी चाचपडत माझा हात धरला. ‘‘उद्या वाचशीन काय? मले नको. तिच्या फोटोपुढं वाच.’’

दुसऱ्या दिवशी वाचनालयातून ते पुस्तक पुन्हा आणून दुपारी मी वाचलं. पदर खोचून, एक शब्द न गाळता, सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात! गोदाकाकू पीठभरल्या हातानं ओट्यावर येऊन बसल्या. हे कचेरीतून लवकर आले, ते बायकोच्या तोंडून नायिकेचे उसासे ऐकून वहाणा हातात घेऊन दारातच थिजले. मामाजी फोटोकडे तोंड करून बसले होते. फोटो थोडा डावीकडे होता, पण मी काही बोलले नाही. प्रत्येक पानाशेवटी ते म्हणत, ‘‘ऐकलं काय व?’’ आणि न दिसणाऱ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुढे मलाही अक्षरं दिसेनात.

दिवाळीच्या आधीच मामाजी गेले. शेवटपर्यंत आम्ही वाचत होतो. घर इतकं शांत झालं की मला ते सोसवेना, म्हणून मी स्वतःच्या नावानं वाचनालयाची वर्गणी भरली. पण मनातल्या मनात वाचलं की मला काही कळतच नाही. शब्द कोणीतरी ऐकायला हवा. पहिल्याच दिवशी, भरल्या वाचनकक्षात, मी एक मरणाचा प्रसंग घसा फोडून वाचत आणि हुंदके देत होते, तेव्हा चिटणीस धावत आले आणि मला हात जोडून म्हणाले, ‘‘बाई, हे वाचनालय आहे! इथं वाचायचं नसतं!’’