कुळातली मांजरी आणि शेगडी

घरात मांजर आणायचं तर चांगल्या कुळातलं, नाहीतर नाही, हा नियम माझा. तुमची आई तेव्हा नऊ वर्षांची होती आणि जिन्यात भेटेल ते पिल्लू फ्रॉकमध्ये गुंडाळून वर आणायची. मी तितक्याच तत्परतेनं ते खाली पोचवायची. इंग्रजी घेऊन एम.ए. झालेल्या बाईच्या बोरीवलीच्या दोन खोल्यांत गावठी मांजर म्हणजे मला मर्यादेचा भंग वाटे. आता हसू येतं, पण तेव्हा मी हे अगदी गंभीरपणे बोलत असे.

मग वरच्या मजल्यावरच्या माझ्या मैत्रिणीनं मला माझ्याच नियमात पकडलं. तिचा नवरा जहाजावर अधिकारी. त्याचं जहाज बरेच दिवस विशाखापट्टणला थांबणार होतं, म्हणून ती तिकडे निघाली आणि तिची सयामी मांजरी आमच्याकडे ठेवून गेली. अंग दुधाळ सायीच्या रंगाचं. तोंड, कान, पंजे आणि शेपूट मात्र गडद, जवळजवळ काळी. डोळे निळे. कोणीतरी तिला कोळशाच्या पोत्यात चारी पाय आणि तोंड बुडवून काढल्यासारखी दिसे. शिवाय ती गाभण होती. वांद्र्याच्या एका वयस्क गृहस्थांकडे तसाच सयामी बोका होता, त्याच्यापासून.

"पहिलं बाळंतपण माहेरी असतं गं," मैत्रीण म्हणाली. "तुझ्याकडे माहेर समज. आणि तुझ्या लेकीला एक पिल्लू माझ्याकडून."

तुमची आई जागच्या जागी उड्या मारायला लागली. मी तिला थांबवून अट सांगितली, "पिल्लू आईसारखं असेल तर. काळे कान, काळं शेपूट. गावठी निघालं तर मी ठेवणार नाही."

"म्हणजे काय, आईसारखंच असणार!" मैत्रीण म्हणाली.

डिसेंबरच्या एका सकाळी पलंगाखालच्या खोक्यात चार पिल्लं झाली. चारही पांढरी. कान पांढरे, शेपट्या पांढऱ्या, पंजे गुलाबी. काळेपणाचा एक ठिपका कुठे नाही. आमच्या गच्चीवर एक धिप्पाड पांढरा बोका राही. मला तो आठवला आणि माझं तोंड पडलं. वांद्र्याचा बोका राहिला बाजूला, मी मनात म्हटलं, मैत्रिणीच्या मांजरीनं गच्चीवरच संसार थाटला.

"रंग येईल हळूहळू," तुमची आई म्हणाली. तिला काही माहीत नव्हतं, तिला फक्त तसं हवं होतं.

"पांढऱ्याला काळा रंग कुठून येणार गं?" मी म्हटलं.

इतक्यात सासूबाई पुढे झाल्या. त्या मालवणच्या, उभा जन्म बाळंतिणींची उठबस करण्यात गेलेला. नॅशनल पार्कच्या बाजूनं थंड वारा सुटला होता. त्यांनी आधी खिडक्या लावून घेतल्या.

"अहो आई, मांजर आहे ते," मी म्हटलं.

"बाळंतीण ती बाळंतीण गो. वारो लागात तिका."

एरवी मी वाद घातला असता. पण मी नुकतंच एका इंग्रजी पुस्तकात वाचलं होतं, की मांजराच्या नवजात पिल्लांना ऊब फार लागते. सासूबाईंचं आणि इंग्रजी पुस्तकाचं एकमत व्हावं, असं आमच्या घरात पूर्वी कधी घडलं नव्हतं. मला तो शकुनच वाटला. त्यांनी कोळशाची शेगडी काढली, ओवा-शेपाची धुरी सुरू केली. मी खोक्यावर मोठ्या वॅटचा दिवा टांगला, खाली गरम पाण्याची पिशवी ठेवली आणि ती केव्हा केव्हा बदलायची याचं वेळापत्रक भिंतीला लावलं. पिशवी बदलायला पाच मिनिटं उशीर झाला तरी मी तुमच्या आजोबांना बोलत असे. सासूबाईंनी जुन्या फ्लॅनेलच्या चार इवल्याशा कुंच्या शिवल्या. मांजरी त्या दातांनी ओढून काढी, सासूबाई पुन्हा बांधत. दोघींपैकी कोणीच हरायला तयार नव्हतं.

खोलीत आम्हाला घाम फुटे. मांजरी पाय ताणून पालथी पडे. पिल्लं मात्र गुबगुबीत झाली आणि राहिली पांढरीशुभ्र.

तुमची आई शाळेतून आली की दप्तर न काढताच आडवी होई आणि तिच्या बाबांचं भिंग घेऊन कान तपासत बसे. "आई, हे बघ, इथे थोडंसं करडं आहे ना?" मी चष्मा लावून बघे. ती धूळ असे. मी ती ओल्या कापसानं पुसून टाके. स्वच्छतेच्या बाबतीत मी कधी हयगय केली नाही.

तीन आठवडे झाले तेव्हा मी निकाल दिला. पिल्लं गावठी आहेत. आमची मासेवाली कोळीण दोन न्यायला तयार होती, तिच्याकडे उंदीर फार. उरलेल्या दोघांचं मैत्रीण आल्यावर बघू. तुमची आई रडली नाही. उठून उभी राहिली आणि म्हणाली, "तू इंग्रजी वाचतेस म्हणून तुला मांजराचंपण कळतं का?" मग तिनं माझ्याशी बोलणं बंद केलं. जेवताना वरण हवं असलं तरी आजीला सांगे, "आजी, तिला सांग ना वरण वाढायला." मी समोरच बसलेली.

त्याच रविवारी वांद्र्याचे गृहस्थ आले. बोक्याच्या मालकाला एक पिल्लू निवडायचा मान असतो, असा सयामी पाळणाऱ्यांत रिवाज. त्यांना गच्चीवरच्या बोक्याबद्दल कसं सांगावं, याची मी मनात वाक्यं जुळवत होते. ते खोलीत शिरले आणि दारातच थांबून रुमालानं कपाळ टिपायला लागले. शेगडी, दिवा, पिशवी, भिंतीवरचं वेळापत्रक आणि कुंची घातलेली पिल्लं, सगळं त्यांनी एकेक करून पाहिलं.

"मॅडम," ते म्हणाले, "पिल्लं वाढवताय की पाव भाजताय?"

"सर, एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. पिल्लं पांढरी झालीत."

"सयामी पांढरीच जन्मतात! आईच्या पोटात गरम असतं ना. रंग धरतो तो थंडीनं. कान, शेपूट, पाय जरा गार राहतात, म्हणून तिथे काळं होतं. आणि तुम्ही कानांनाच टोप्या घातल्यात!" मग ते खाली बसून इतके हसले, की सासूबाईंनी त्यांना पाणी आणून दिलं.

सासूबाई पेला परत घेताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ता पुस्तकात नाय होता?"

शेगडी बाहेर गेली, खिडक्या उघडल्या, गरम पाण्याची पिशवी तेवढी राहिली. आठवड्याभरात तीन पिल्लांच्या कानांच्या कडांना काजळ लागलं, मग नाकावर, मग शेपटीला. मी येणाऱ्याजाणाऱ्याला कान दाखवत सुटले, जणू तो रंग मीच दिला होता. गृहस्थांनी सर्वांत गडद पिल्लू नेलं. मैत्रीण परतली आणि तुमच्या आईला म्हणाली, "आता तू निवड."

तिनं चौथं उचललं. त्याला नावाला करडी रेघ आली होती, आणि ते तेव्हाही गरम पाण्याच्या पिशवीवर झोपलं होतं.

"अगं, हे कशाला? तिकडचं बघ, किती छान काळं झालंय."

"हे पहिल्या दिवसापासून माझं आहे," ती म्हणाली. "कोळणीकडे तू हेच देणार होतीस."



ते वाढलं, पण कायम उबेला चिकटून राहिलं. दुपारी गॅलरीतल्या उन्हात, रात्री सासूबाईंच्या पोटाशी. त्यामुळे त्याचं तोंड फार तर दूध जास्त झालेल्या चहाइतकं रंगलं. पाहुणे आले की हमखास विचारत, "गावठी का हो?" मी पदर सावरून वांद्रे, वंशावळ, उष्णता असं सगळं सांगायला तोंड उघडे. पण तुमची आई माझ्याकडे बघत आधीच उत्तर देऊन मोकळी होई.

"हो, गावठीच."