भोकं पाडण्याची नोकरी

मी पोटापाण्यासाठी भोकं पाडते. पुण्यातल्या प्रयोगशाळेत माझ्या हुद्द्याचं नाव याहून पुष्कळ लांब आणि भारदस्त आहे, पण काम एवढंच. आगीला आणि आम्लाला दाद न देणारी दोन महागडी प्लास्टिकं घ्यायची, ती द्रावकात विरघळवून काकवीसारखा घट्ट पाक करायचा आणि तो कडीच्या आकाराच्या बारीक छिद्रातून खालच्या पाण्याच्या टाकीत सोडायचा. कडीच्या मधोमध पाण्याची धार चालू असते, म्हणून धागा आतून पोकळ राहतो. टाकीत पडला की द्रावक पाण्यात निघून जातो आणि धाग्याच्या भिंतीत असंख्य सूक्ष्म भोकं ठेवून जातो. त्यांतून पाणी जातं, गाळ आणि जंतू बाहेर राहतात. प्लास्टिकं दोन का, तर एक दणकट पण पाण्याला जवळ न करणारं, दुसरं मवाळ पण एकटं न टिकणारं. त्यांचं जुळवण्यात माझी चार वर्षं गेली. माझं जुळवायला निघालेले घरचे तेवढ्यात कंटाळून गप्प बसले.

कुणकेश्वरजवळच्या आमच्या समुद्रकाठच्या घरी मी हे आईला समजावलं तेव्हा ती शिरवाळे करत होती. साच्यातून तांदळाच्या उकडीचे धागे ताटात पडत होते.

"म्हणजे शिरवाळेच," ती म्हणाली, "पण आतसून पोकळ. आणि खावचे नाय. मगे कशाक?"

इतका नेमका प्रश्न माझ्या परीक्षकांनाही सुचला नव्हता.

गेल्या मे महिन्यात बाबांचा फोन आला. "विहिरीचा पाणी बिघडला आसा. आऊस तुझी रोज वरच्या विहिरीवर जाता. तिचो गुडघो काय खरो नाय. तुझ्या धाग्यांनी होतला काय गोडा?"

"होतला," मी म्हटलं.

आमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात तळाला जाऊन गढूळ व्हायचं, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. तेव्हा बिघडलं म्हणजे गढूळ झालं आणि गोड म्हणजे चांगलं, असं मी धरून चालले. परक्या गावाने पाण्याबद्दल विचारलं तर मी आधी दोन पानांचा फॉर्म भरून घेते, क्षार किती, गाळ किती. बाबांना कोण फॉर्म भरायला लावणार! वरची विहीर सड्यावर, म्हणजे कातळाच्या उंच माळावर आहे, चिऱ्याच्या उंच पायऱ्या चढून. आईची ती चढण वाचणार म्हणून मला फार बरं वाटलं. खरं सांगायचं तर थोडा माजही आला.

रजा काढून, धाग्यांचा जुडगा भरलेली नळी घेऊन मी घरी गेले आणि ती पंपाला जोडली. पाणी असं नितळ आलं की बाबांनी ग्लास उन्हात धरून शेजारच्या काकींना कुंपणाच्या दगडी गडग्यावरूनच दाखवला आणि उद्या सकाळी गोडं पाणी प्यायला सगळ्या वाडीने यावं, असं आमंत्रणही देऊन टाकलं. मग ते स्वतः प्यायले.

"ह्या खाराच आसा मा?"

मी घोट घेतला. खारट.

"बाबा, बिघडलं म्हणजे खारट झालं?"

"मगे काय? दोन वर्सां झाली. खालच्या सगळ्याच विहिरींचा तसा झाला हा. तुका सांगान घोर कशाक लावचो?"

पाण्यात विरघळलेलं मीठ माझ्या भोकांतून पाण्याबरोबर बिनधास्त येतं. ते अडवायचं तर वेगळी चाळण लागते, मोठा दाब लागतो. हे सगळं मी बाबांना कचेरीतल्या मराठीत सांगत बसले, कारण घरच्या बोलीत सांगायची लाज वाटत होती. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे भोकां मोठी पडली." यात चूक काढायला जागा नव्हती.

 उद्या माणसं किती येतील, एवढंच आईने विचारलं.

सकाळी दहा-बारा जण आले. आईने प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि पाणी दिलं. मी दाराआड तोंड लपवून उभी. काकी घोट घेऊन म्हणाल्या, "गोडा आसा हां!" मला वाटलं, गुळाची कृपा. पण बाकीचेही माना डोलावत होते. मी स्वयंपाकघरात जाऊन हंड्यातलं पाणी प्यायले. खरंच गोड! क्षणभर वाटलं, धाग्यांच्या भिंतीत काहीतरी अद्भुत घडलंय आणि यावर एक शोधनिबंध सहज होईल.

मग चुलीशेजारी आईची चुंबळ दिसली. ओली होती. मागोमाग आत आलेल्या आईच्या पावलांना वरच्या वाटेची तांबडी माती होती. उजाडता उजाडता ती तीन खेपा करून आली होती. एरवी एक करायची.

"आई, कशाला गं?"

"लोकांका खारा पाणी देऊ? आणि तुझा नाव?" गुडघ्याला तेल चोळत ती म्हणाली.

मला तिचा राग आला आणि रडूही आलं. दुपारी जामसंड्याहून बाबांच्या जुन्या सहकाऱ्यांचा निरोप आला, उद्या आम्ही सगळे चव बघायला येतो. म्हणजे आई उद्या पुन्हा तीन खेपा करणार. मी तडक काकींकडे गेले. त्यांच्या कानावर घातलेली गोष्ट जामसंड्यापर्यंत पोचायला संध्याकाळ होत नाही. त्या अंगणात आमसुलं वाळत घालत होत्या. मी एका दमात सांगून टाकलं की नळी मीठ अडवत नाही, सकाळचं पाणी वरच्या विहिरीचं होतं, आणि आता कुणी चव बघायला येऊ नये.

काकींनी मानही वर केली नाही.

"माका ठावक आसा गो. सकाळी तिच्या डोक्यार हंडो मीयाच चढवन दिलंय."